कमरेचे घड्याळ

परवा पुतणी घरी आली तेव्हा तिच्या मनगटावर नवे घड्याळ होते. ते घड्याळ आहे हे तिने सांगितले म्हणून कळले, एरवी मी त्याला कडेच समजलो असतो. लाकडी चौकट, आत काळीभोर तबकडी, तिच्यावर एकही आकडा नाही, आणि काट्यांच्या जागी एक पांढरा ठिपका हळूहळू सरकतो आहे. अंधेरी स्टेशनच्या बाहेर, पुलाखालच्या दुकानात हौसेने घेतलेले. किती वाजले म्हणून मी विचारले, तर तिने पर्स उघडून मोबाइल काढला आणि वेळ सांगितली. घड्याळ वेळ बघायला नसते काका, घालायला असते, हे ज्ञान तिने मला वर दिले.

मी बँकेत लागलो तेव्हा पहिल्या पगारातून एचएमटीचे घड्याळ घेतले होते. रोज सकाळी आंघोळीनंतर त्याला चावी द्यायची. शाखेत दहा वाजून दहा मिनिटांनी मस्टरवर लाल रेघ पडत असे, आणि बोरीवलीहून सुटलेली गाडी जोगेश्वरीला रखडली की त्या घड्याळाकडे बघताना पोटात गोळा येई. घड्याळ हा दागिना असू शकतो ही कल्पना करायला आम्हाला सवड नव्हती. तरीही पुतणीला नाक मुरडायचा अधिकार आपल्याला नाही असे मनात आले, कारण विसाव्या शतकात या देशात ज्यांचे घड्याळ सर्वांत प्रसिद्ध झाले त्या गृहस्थांनीही सुरुवात दागिन्यापासूनच केली होती. ते गृहस्थ म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. त्यांचे एक झेनिथ कंपनीचे चांदीचे खिशातले घड्याळ, चष्मा, चपला, ताट आणि वाटी यांचा मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला आणि १८ लाख डॉलरला ते सगळे विजय मल्ल्या यांनी घेतले. ज्यांच्या जवळ जवळपास काहीच नव्हते त्यांच्या वस्तूंना एवढी किंमत आली, यावर त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र त्या यादीतल्या घड्याळानेच धरून ठेवले. बाकीच्या वस्तू संन्याशाकडेही असतात. घड्याळ नसते.

सप्टेंबर १८८८ मध्ये मुंबईच्या बंदरातून निघालेला हा एकोणीस वर्षांचाही न झालेला मुलगा इंग्लंडला उतरला तो पांढऱ्या फ्लॅनेलच्या कपड्यांत. उतरताना तेच शोभून दिसतील अशी त्याची समजूत. बघतो तो सगळ्या गर्दीत पांढरे कपडे घातलेला तो एकटा. सामान एजंटाकडे दिलेले, वार शनिवार, म्हणजे सोमवारपर्यंत सुटका नाही. त्याच संध्याकाळी भेटायला आलेल्या डॉ. प्राणजीवन मेहतांच्या रेशमी टोपीवरून त्याने उलटा हात फिरवला आणि तिची लव विस्कटली. मेहतांनी त्याला थांबवले, आणि इंग्रजी रीतिरिवाजांचा पहिला धडा तिथेच झाला.

मग या मुलाने साहेब व्हायचे ठरवले. मुंबईला शिवलेले कपडे लंडनच्या समाजात चालणार नाहीत असे वाटून त्याने नवे घेतले. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली. बाँड स्ट्रीटवर दहा पौंड मोजून संध्याकाळचा सूट शिवला. तयार बांधलेला टाय घालणे कमीपणाचे, म्हणून टाय बांधायला शिकला. राजकोटला न्हावी दाढी करायला येई त्या दिवशीच आरसा हातात मिळे. इथे रोज दहा मिनिटे मोठ्या आरशापुढे जाऊ लागली. नाच शिकण्यासाठी तीन पौंड भरले, व्हायोलिन घेतले, वक्तृत्वाचा मास्तर गाठला. आणि थोरल्या भावाला पत्र लिहून घड्याळाची दुपदरी सोन्याची साखळी मागवून घेतली. बिचाऱ्या भावाने ती पाठवलीही. ज्या भावाने याच्या शिक्षणासाठी कर्ज काढले त्याच्याकडून सोन्याची साखळी! आमच्या काउंटरपलीकडे असे धाकटे भाऊ मी पुष्कळ पाहिले आहेत.

त्या काळी पुरुषाचे घड्याळ खिशात असे आणि साखळी कोटावर दिसे. वेळ आत, श्रीमंती बाहेर. मनगटी घड्याळ तेव्हा बायकांचा दागिना समजले जाई. पुरुषांच्या हातावर ते सर्रास चढले पहिल्या महायुद्धानंतर. म्हणजे गांधींची साखळी आणि माझ्या पुतणीचे लाकडी घड्याळ ही एकाच जातीची वस्तू.

नाच, व्हायोलिनचे वेड तीनेक महिन्यांत उतरले. नीटनेटक्या कपड्यांची हौस मात्र कित्येक वर्षे टिकली. पण याच मुलाने त्याच दिवसांत आणखी एक सवय लावून घेतली होती, आणि तिच्याविषयी चरित्रकार दोन ओळींत आटोपते घेतात. तो पै-पैचा हिशेब ठेवत असे. बसचे भाडे, टपालाची तिकिटे, वर्तमानपत्रासाठी दिलेली नाणी, सगळे लिहायचे आणि झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवायची. पुढे लाखो रुपयांचे सार्वजनिक फंड हाताळताना कधी तूट आली नाही, याचे श्रेय त्यांनी या सवयीला दिले आहे. दिवसाअखेर रोकड जुळल्याशिवाय घरी जायचे नाही, हे ज्याने पस्तीस वर्षे केले आहे त्याला हा माणूस इथेच ओळखीचा वाटू लागतो. पैशाचा हिशेब आला की पाठोपाठ वेळेचा येतोच.

बॅरिस्टर होऊन १८९१ मध्ये परतले, गिरगावात बिऱ्हाड केले. लघुवाद न्यायालयातल्या पहिल्याच खटल्यात उभे राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा तीस रुपये फी परत करून खाली बसले. कोर्टात पायी जायचे, पायी यायचे, पाऊणपाऊण तास. ट्रामचे पैसे वाचत. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले वर्षाच्या बोलीचे काम आले आणि ते निघून गेले. त्या वर्षाची पुढे एकवीस वर्षे झाली. तिथला लढा सर्वांना ठाऊक आहे, तो पुन्हा सांगत नाही. मला सांगायचे आहे ते कॉलरविषयी. धोब्याचा खर्च वाचवायचा म्हणून त्यांनी धुण्या-इस्त्रीचे पुस्तक आणून वाचले आणि कॉलर घरी धुतली. खळ जास्त झाली, इस्त्री पुरेशी तापली नाही, आणि कोर्टात उभे असताना कॉलरमधून खळ गळू लागली. सगळे वकील हसले. गोऱ्या न्हाव्याने केस कापायला नकार दिला तेव्हा कात्री घेऊन स्वतःच कापले. पुढचे बरे जमले, मागचे उंदरांनी कुरतडल्यासारखे दिसू लागले. पुन्हा हशा. हसे झाले तरी त्यांनी हात आवरला नाही.

आता येतो तो प्रसंग, ज्याच्यापाशी मी नेहमी अडतो.

१९०१ च्या ऑक्टोबरात ते हिंदुस्थानात परतायला निघाले. नाताळमधल्या लोकांनी निरोप देताना सोने, चांदी, हिरे यांच्या भेटी दिल्या. त्यांत घड्याळे होती, साखळ्या होत्या, अंगठ्या होत्या. कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. पन्नास गिनी म्हणजे साडेबावन्न पौंड. पौंडाला पंधरा रुपये या त्या वेळच्या दराने सुमारे ७८७ रुपये. त्या रात्री गांधींना झोप आली नाही. लोकांना दागिन्यांचा मोह सोडा म्हणून सांगायचे आणि आपण सोन्याचे घड्याळ वापरायचे, हे कसे जमणार? रात्रभर येरझारा घालून त्यांनी सगळ्याचा एक विश्वस्तनिधी करण्याचे पत्र तयार केले, त्यात पारशी रुस्तमजी आणि इतरांना विश्वस्त नेमले. सकाळी आधी मुलांना पटवले. मुले लहान, लगेच पटली. मग मुलांना पुढे करून बायकोकडे गेले. वकिलाची बुद्धी ती.

कस्तुरबा बधल्या नाहीत. तुम्हाला नको असेल, मुलांना तुम्ही नाचवाल तशी ती नाचतील, पण उद्या सुना येतील त्यांना काय घालू, असे त्यांनी विचारले. गांधी म्हणाले की मुलांची लग्ने लहानपणी करायचीच नाहीत, आणि दागिन्यांची हौस असलेल्या मुली आपण आणणार नाही. तरी लागलेच तर मी आहे. यावर कस्तुरबांनी जे सुनावले त्याचा आशय असा, की तुम्हाला मी ओळखते, माझे दागिने तुम्हीच उतरवून घेतलेत, आणि हा हार माझा आहे. हार तुझ्या सेवेबद्दल मिळाला की माझ्या, असे नवऱ्याने विचारले. त्यांचे उत्तर होते की तुमची सेवा ती माझीही सेवाच. रात्रंदिवस मी राबले, वाटेल त्याला तुम्ही घरात आणून ठेवलेत, मला रडवलेत, त्यांची उष्टीखरकटी काढली, त्याचा हिशेब कोण धरणार? यातले काही बाण आपल्याला लागले, हे गांधींनी मागाहून लिहून ठेवले आहे. पण हार परत गेला. १८९६ मधल्या आणि १९०१ मधल्या सगळ्या भेटींचे विश्वस्तपत्र झाले आणि ते सगळे बँकेत जमा झाले. पुढे आत्मकथा लिहीपर्यंत तो निधी शाबूत होता, अडीअडचणीला उपयोगी पडत होता आणि वाढतही होता.

बँकवाला म्हणून मी या व्यवहारावर खूश व्हायला हवे. कागदपत्र चोख, विश्वस्त विश्वासू, रक्कम वाढती. पण मी सोनेतारण कर्जाच्या टेबलावर अडीच वर्षे बसलो आहे. नवरा-बायको समोर येतात, नवरा फॉर्म भरतो, बायको पदराआड हात घालून गळ्यातले काढते. सोनार ते कसाला लावतो, तराजूत टाकतो, वजन सांगतो. नवरा आकड्याकडे बघत असतो. बायको तराजूकडे. त्या अडीच वर्षांत मला सही घेण्यासाठी कितीदा बाईंच्या हातात पेन द्यावे लागले, आणि कितीदा त्यांनी सही करण्यापूर्वी एक क्षण थांबून नवऱ्याकडे पाहिले, याची नोंद कोणत्याच लेजरात नाही. गांधींचे तत्त्व मला मान्य आहे. समाजसेवेची भेट समाजाचीच. पण कस्तुरबांनी मांडलेला हिशेबही चुकीचा नव्हता, आणि त्या दोघांच्या वहीत तो कधीच जुळला नाही असे मला वाटते. त्या दिवशी ज्यांना पुढे केले त्या मुलांतला थोरला हरिलाल पुढे बापापासून दुरावला तो दुरावलाच.

हे सगळे गृहस्थ मग मुंबईला आले, आणि इथून कथा आपल्या उपनगरांत शिरते. १९०२ मध्ये गांधींनी फोर्टमध्ये वकिलीची जागा घेतली, गिरगावात घर घेतले. एका अमेरिकन विम्याच्या एजंटाने गळी उतरवली म्हणून दहा हजारांची आयुर्विमा पॉलिसीही घेतली. (ती पुढे त्यांनी हप्ते न भरता सोडून दिली. देवावर भरवसा असताना विमा कशाला, हा त्यांचा विचार. विमा कंपनीला असे ग्राहक आवडत असणार.) गिरगावच्या घरात दुसरा मुलगा मणिलाल विषमज्वराने आणि न्युमोनियाने आजारी पडला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस सांगितला. बापाने ते नाकारून ओल्या चादरीचे उपचार केले आणि रात्री चौपाटीवर एकटाच फिरून आला. मुलगा वाचला. पण घर दमट, उजेड कमी. म्हणून रेवाशंकर जगजीवन यांच्या सल्ल्याने मोकळ्या हवेत जागा पाहायचे ठरले.

वांद्रे पाहिले, पण तिथे कत्तलखाना होता. घाटकोपर पाहिले, ते समुद्रापासून लांब पडत होते. शेवटी सांताक्रूझला एक चांगला बंगला मिळाला. आज घाटकोपर पूर्वेला जागा शोधणाऱ्या माणसाला समुद्र लांब पडतो ही तक्रार सुचणार नाही, पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका वकिलाने ती केली होती.

सांताक्रूझ ते चर्चगेट असा पहिल्या वर्गाचा पास त्यांनी काढला. डब्यात अनेकदा ते एकटेच असत आणि त्याचा आपल्याला थोडा अभिमान वाटे, अशी कबुली त्यांनी देऊन ठेवली आहे. पुष्कळ वेळा ते वांद्र्यापर्यंत चालत जात, कारण तिथून थेट चर्चगेटची जलद गाडी मिळे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून हसलो होतो. सांताक्रूझला फास्ट थांबत नाही! आजही थांबत नाही. आमच्या शाखेतला सांताक्रूझचा रोखपाल असाच वांद्र्याला जाऊन गाडी पकडत असे, फक्त तो चालत न जाता रिक्षाच्या शेअरमधून जाई. बाकी सगळे तेच.

त्या काळच्या या प्रवाशाला आणखी एक कसरत करावी लागे. मुंबई शहर तेव्हा स्वतःच्या वेळेवर चाले आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर. दोन्हींत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर. हायकोर्टाचे घड्याळ एक सांगणार, स्टेशनचे दुसरे. ‘इंडियन स्टँडर्ड टाइम’ १९०६ मध्ये आला तरी मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही, ती एकोणचाळीस मिनिटे मागे असे. कोटाच्या खिशातले घड्याळ काढून, मनातल्या मनात अर्धा तास मिळवून किंवा वजा करून वाफेच्या गाडीकडे झपाझप निघालेले हे तेहतीस वर्षांचे बॅरिस्टर मला दांडीयात्रेतल्या गांधींपेक्षा स्पष्ट दिसतात. दांडीचे चित्र सगळ्यांचे आहे, हे मात्र पश्चिम रेल्वेवाल्यांचे.

काही महिन्यांतच दक्षिण आफ्रिकेहून तार आली. बायकामुलांना सांताक्रूझच्या बंगल्यात ठेवून ते १९०२ संपता संपता पुन्हा निघाले. पास किती दिवसांचा वाया गेला कोण जाणे.

पुढच्या बारा वर्षांत एकेक वस्तू अंगावरून उतरत गेली. फिनिक्सची वसाहत, टॉलस्टॉय फार्म, तुरुंग. चपला करायला ते शिकले आणि तुरुंगात असताना केलेला एक जोड १९१४ मध्ये निघताना ज्यांच्याशी लढले त्या जनरल स्मट्सना भेट दिला. स्मट्सनी कित्येक उन्हाळे वापरून तो १९३९ मध्ये, गांधींच्या सत्तराव्या वाढदिवसाला परत पाठवला. पण या काळातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट एका उपरण्याची आहे. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले होते. न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले एक उपरणे गोखले जिवापाड जपत आणि खास प्रसंगीच अंगावर घेत. जोहान्सबर्गला त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती, उपरणे चुरगळले होते आणि धोब्याकडे देण्याइतका वेळ नव्हता. गांधींनी इस्त्री करून देतो म्हटले. गोखल्यांनी त्यांच्या वकिलीवर विश्वास दाखवला, धोबीपणावर नाही. डाग पाडून ठेवाल म्हणून ते देईनात. अखेर दिले, गांधींनी ते बेताने इस्त्री करून परत केले आणि गोखल्यांनी शाबासकी दिली. कोर्टात खळ गाळणारी ती कॉलर इथे फळाला आली. पुण्याच्या तीन पिढ्यांचे राजकारण त्या एका उपरण्याच्या घडीत होते म्हणायला हरकत नाही.

९ जानेवारी १९१५ ला ते अपोलो बंदरावर उतरले ते काठियावाडी पोशाखात: धोतर, अंगरखा, फेटा, उपरणे. गोखल्यांची आज्ञा होती की वर्षभर देश पाहायचा. तिसऱ्या वर्गाने हिंडायचे तर एवढा पसारा नको म्हणून उपरणे आणि अंगरखा गेला, आठ-दहा आण्यांची काश्मिरी टोपी आली. तिच्याच आकारावरून खादीची, धुता येणारी, घडी घालून खिशात मावणारी टोपी निघाली असे काकासाहेब कालेलकरांनी नोंदवले आहे. गंमत पाहा, त्या टोपीला नाव गांधींचे, आणि त्यांनी ती वापरली जेमतेम एक-दोन वर्षे. तिला डोक्यावर टिकवले ते महाराष्ट्राने. खेड्यातला म्हातारा आणि अंधेरी स्टेशनवर गाडीत पाटी चढवणारा डबेवाला, दोघांनाही आज ती गांधींची वाटत नाही, आपलीच वाटते.

३१ जुलै १९२१ ला परळच्या गिरणीच्या आवारात परदेशी कपड्यांची होळी झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २२ सप्टेंबरला, मदुराईत त्यांनी सदरा, टोपी सगळे उतरवले आणि गुडघ्यापर्यंतचा पंचा तेवढा ठेवला. आता सदरा गेला म्हणजे खिसा गेला. खिसा गेला म्हणजे घड्याळ कुठे ठेवायचे? मनगटी घड्याळे तोवर सगळीकडे झाली होती. ते मनगटाकडे वळले नाहीत. खिशातलेच घड्याळ त्यांनी दोरीने कमरेला टांगले. जगात कोणी असे घालत नव्हते. पण १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला गेले, राजवाड्यात पंचम जॉर्जला भेटून आले, तेव्हा जगभरच्या छायाचित्रांत पंचा, शाल आणि कमरेचे ते घड्याळ आले. त्रेचाळीस वर्षांपूर्वी याच शहरात सोन्याच्या दुपदरी साखळीसाठी भावाला पत्र गेले होते. फॅशनच्या भाषेत सांगायचे तर या माणसाएवढी ठळक, एका नजरेत ओळखू येणारी वेशभूषा विसाव्या शतकात दुसऱ्या फारशा कोणाची झाली नाही, आणि ती सगळी काढून टाकण्यातून झाली.

घड्याळ मात्र काढले नाही. ते परदेशी होते. कापड जाळता आणि घड्याळ ठेवता, असे विचारणारे लोक तेव्हाही होतेच. त्यांची भूमिका साधी होती: शस्त्रक्रियेची हत्यारे इंग्लंडची घेईन, टाचण्या आणि पेन्सिली ऑस्ट्रियाच्या, घड्याळे स्वित्झर्लंडची, पण सुती कापडाचा एक इंचही बाहेरचा घेणार नाही, कारण त्याने इथल्या माणसाच्या तोंडचा घास जातो. त्यांचा राग यंत्रावर आहे असे समजणाऱ्यांनी येरवड्याच्या तुरुंगात आकाराला आलेला पेटीचरखा पाहावा. मिटला की हातात धरून नेता येईल अशी लाकडी पेटी, उघडला की सूत. इतकी देखणी आणि कामाची वस्तू आजच्या कोणत्याही दुकानात शोभेल.

पहाटे चारची प्रार्थना, मग पत्रे, फिरणे, कताई, भेटी. भेटायला येणाऱ्याला मिनिटे ठरवून मिळत. वेळ ही लोकांनी ठेवलेली ठेव, आपण नुसते विश्वस्त, हा १९०१ मधल्या त्या विश्वस्तपत्राचाच पुढचा मसुदा होता. या शिस्तीत घरच्या माणसांच्या वाट्याला किती मिनिटे आली, हा प्रश्न मी विचारू नये, पण येतो.

पुण्याहून सुटल्यावर ते दोनदा आपल्या उपनगरांत विश्रांतीला आले, दोन्ही वेळा जुहूला. १९२४ मध्ये ससून रुग्णालयात त्यांचे अपेंडिक्स काढले होते, तेव्हा; आणि १९४४ च्या मे महिन्यात, आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर. दुसऱ्या खेपेला ते एकटे आले. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा तिथेच, कैदेत, गेल्या होत्या. नवऱ्याने कातलेल्या सुताचे लुगडे नेसवून त्यांना अग्नी दिला. अस्थी गोळा करायला गेले तेव्हा राखेत त्यांच्या पाच काचेच्या बांगड्या सापडल्या, एकही न तडकलेली. पन्नास गिनींच्या हाराची गोष्ट ज्यांनी वाचली आहे त्यांनी या बांगड्यांजवळ जरा थांबावे. मी अजून थांबलेलाच आहे.

जुहूच्या त्या मुक्कामात त्यांना एक चित्रपट दाखवण्यात आला, विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’. भट्टांची प्रकाश पिक्चर्स कंपनी अंधेरीचीच. त्यांच्याकडची हकिकत अशी की चित्रपटासाठी चाळीस मिनिटे मंजूर झाली होती, आणि गांधी दीड तास बसले. बायको जाऊन साडेतीन महिने झालेला पंचाहत्तरीचा म्हातारा, पडद्यावर सीतेचा त्याग, आणि घड्याळाकडे दुर्लक्ष. त्यांच्या मनात काय चालले होते ते आपल्याला कळणार नाही.

३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला भवनात वल्लभभाई पटेल त्यांच्याशी बोलत बसले होते. नेहरू आणि पटेल यांच्यातल्या मतभेदांचा विषय, लवकर संपणारा नव्हता. प्रार्थनेची वेळ पाचची. पाच वाजून गेले. मध्ये बोलायची कोणाची छाती नव्हती, म्हणून आभाने त्यांचे घड्याळ उचलून त्यांच्यापुढे धरले. तरी ते उठायला आणखी काही मिनिटे गेली. मनू आणि आभा यांच्या खांद्यांवर हात ठेवून ते निघाले तेव्हा दहा मिनिटे उशीर झाला होता. आज तुमच्या घड्याळाला फार वाईट वाटले असेल, तुम्ही त्याच्याकडे पाहिलेही नाही, असे आभा चालता चालता म्हणाली. माझे घड्याळ सांभाळायला तुम्ही दोघी आहात की, मग मी कशाला पाहू, असे ते थट्टेत म्हणाले, आणि लगेच गंभीर होऊन, उशीर झाल्याबद्दल दोघींवर थोडे रागावलेही. प्रार्थनेला एक मिनिट उशीर झालेला त्यांना खपत नसे.

वेळ वाचावा म्हणून ते हिरवळीवरून आडवे गेले आणि झपाझप पायऱ्या चढून वर आले.